बुर्जी, प्यादेमात आणि राजाची अडीच घरं

आपल्या सोसायटीत गणेशोत्सवात बुद्धिबळाची स्पर्धा होते, तेव्हा फळ्यावर एक ओळ हमखास असते : 'स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होईल.' ही ओळ लिहिणाऱ्या तरुण मंडळींना मी एकदा विचारलं, बाबांनो, दुसरे कुठले नियम असतात म्हणून हे लिहावं लागतं? त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एकजण म्हणाला, "काका, पहिल्यापासून असंच लिहितात." बरोबर आहे. ही ओळ त्यांच्या आजोबांच्या काळातली. तेव्हा ती लिहावीच लागायची, कारण आपल्या भागात एकाच पटावर दोन खेळ चालत. एक 'विलायती' आणि दुसरा 'देशी'. नुसतं 'बुद्धिबळ' म्हटलं की आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना देशीच अभिप्रेत असे. आता देशी खेळणारा माणूस शोधावा लागतो. स्मरणिकेसाठी 'काहीतरी इतिहासाचं लिहा' असा निरोप आला, तेव्हा सोसायटीच्या सातबाऱ्यापेक्षा हा इतिहास लिहावा असं वाटलं. सातबारा कचेरीत सुरक्षित आहे. हा खेळ कुठल्याच कचेरीत नोंदलेला नाही.

आधी देशी खेळ कसा होता ते सांगतो, कारण पन्नाशीच्या आतल्या वाचकांना त्याची कल्पना नसणार.

पट कापडी असायचा. घरं काळी-पांढरी नव्हेत, सगळी एकाच रंगाची, नुसत्या रेघा मारलेली. काही घरांत फुल्या असत. मोहरी लाकडाची, बहुधा एक बाजू लाल आणि एक हिरवी. प्यादं पहिल्या चालीतसुद्धा एकच घर पुढं जाई, दोन नाही. त्यामुळं डाव हळू उघडायचा. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून सुरुवातीला ठरलेल्या चार-पाच चाली एकदम करून घेत, फक्त अर्धा पट ओलांडायचा नाही. किल्लेकोट हा प्रकार नव्हता. त्याऐवजी राजाला संबंध डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई, पण शह बसण्याच्या आत. एकदा शह बसला की उडी गेली. म्हणून जाणता खेळाडू पहिल्या दहा-बारा चालींतच कुठल्यातरी फुसक्या मोहऱ्यानं शह देऊन ठेवी. त्या शहानं बाकी काही साधत नसे, राजाचे पाय मात्र बांधले जात.

प्यादं शेवटच्या घरात पोचलं की आज आपण सरळ वजीर करतो. एकाच डावात दोन-दोन वजीरही होतात. देशीत असं नव्हतं. ज्या मोहऱ्याच्या घरात प्यादं पोचेल तेच मोहरं मिळे : हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. वजीर हवा असेल तर वजिराच्या किंवा राजाच्या रांगेतून गेलं पाहिजे. शिवाय ते मोहरं आपलं आधी मेलेलं असायला हवं, नाहीतर प्यादं एक घर अलीकडं ताटकळत उभं. घोड्याच्या घरात पोचलेल्या प्याद्याला मात्र खास मान. त्याचा घोडा झाला की लगेच, त्याच चालीत, एक उडी. या एका उडीनं हातातला डाव गेलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे. 'प्याद्याचा फर्जी झाला' असं आपण राजकारणातल्या माणसाबद्दल सहज म्हणतो. फर्जी म्हणजे वजीर. पण कुठल्या प्याद्यानं कुठल्या रांगेतून जायचं याचा हिशेब त्या बिचाऱ्याला पहिल्यापासून करावा लागे, हे आपण विसरलो.

आता खरी गंमत शेवटाची. आजच्या खेळात मात म्हणजे मात. कशानं केली, किती वाजता केली, सगळं सारखं, पूर्ण एक गुण. देशीत शेवटाचे दर्जे होते. समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा एकटा राजा उरवला तर ती 'बुर्ज', आमच्याकडं 'बुर्जी' म्हणत. ती धड जीत नाही. कुठं बरोबरी मानत, कुठं अर्धी जीत. आणि सगळ्यांत मानाची 'प्यादेमात', म्हणजे प्याद्यानं दिलेली मात. वजिरानं मात केली तर लोक 'हं' म्हणत. प्याद्यानं केली तर चहा मागवत.

बुर्जीच्या नियमानं खेळ कसा उलटापालटा होतो बघा. मी जिंकत आलो आहे, समोर राजा आणि एक घोडा उरला आहे. आज मी काय करीन? तो घोडा मारीन आणि निवांत होईन. देशीत तो घोडा मारला की माझी जीत अर्धी झाली. म्हणून मला तो घोडा सांभाळून, त्याच्या लाथा चुकवत राजाला कोंडावं लागतं. आणि हरणारा काय करतो? तो आपला घोडा माझ्या तोंडात द्यायला धावतो! 'घे, मार' म्हणत मागं लागतो. जिंकणारा पळतोय आणि हरणारा पाठलाग करतोय, हे दृश्य दुसऱ्या कुठल्या खेळात मला दिसलेलं नाही.

मी जन्मभर बँकेत कर्जवसुली केली, त्यामुळं मला या नियमात एक जुनं शहाणपण दिसतं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे हुकूमनामा झाला तरी शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती लागणारी गुरं आणि बियाणं जप्त करता येत नाही. समोरच्याला पार नागवलं तर वसुली होत नाही, नुसता सूड होतो. कायदा करणाऱ्यांना पटावरून सुचलं असं माझं म्हणणं नाही. पण केज-धारूरच्या बाजूला वसुलीला फिरताना मला हा नियम बऱ्याचदा आठवला.

हे नियम कुण्या रिकामटेकड्यांनी ओट्यावर बसून काढले असं कुणाला वाटेल. तसं नाही. आपल्या मराठवाड्याच्या अवतीभवती या खेळाची लेखी परंपरा आहे आणि ती बरीच जुनी आहे.

बाराव्या शतकात आपला भाग कल्याणीच्या चालुक्यांकडं होता. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. पुरणपोळीचा जुना उल्लेख कुठं सापडतो यावर बोलताना ज्याचं नाव निघतं तोच हा ग्रंथ. त्यात राजानं कसं राज्य करावं, काय खावं, हत्ती कसे पारखावेत, हे सगळं आहे आणि विनोदांच्या, म्हणजे करमणुकीच्या, भागात चतुरंगाच्या खेळावर साठाहून अधिक श्लोक आहेत. स्वतः राजानं लिहावं इतका हा खेळ मानाचा होता.

दुसरं नाव पैठणच्या घराण्याचं. पैठण आपल्या गेवराई तालुक्यापासून काही फार लांब नाही. तिथले रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीला जाऊन स्थायिक झाले. त्यांचे पणतू नीलकंठभट्ट. त्यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा धर्मशास्त्रग्रंथ लिहिला. त्यातला 'व्यवहारमयूख' पुढं इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत वारसाहक्कासाठी प्रमाण मानला जाई. जुन्या वकिलांच्या तोंडी 'मयूख' हा शब्द मी स्वतः ऐकलेला आहे. त्याच ग्रंथाच्या 'नीतिमयूखा'त, राजनीतीच्या जोडीला, बुद्धिबळ कसं खेळावं ते सांगितलं आहे आणि घोडा पटाच्या सगळ्या ६४ घरांतून प्रत्येक घरी एकदाच कसा फिरवावा याची कोडीसुद्धा दिली आहेत. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. नीलकंठभट्ट हे त्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ. घरात दायभाग आणि घोड्याची चाल एकाच बैठकीत चालत असणार असं मला आपलं वाटतं.

पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी 'विलासमणिमंजरी' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात बुद्धिबळाची कोडीच कोडी आहेत. त्याचं इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापलं गेलं आणि त्यावर मुद्दाम 'युरोपीय पद्धतीला जुळवून' असं म्हटलं होतं. म्हणजे मूळ पद्धत वेगळी होती हे छापणाऱ्याला ठाऊक होतं. आपल्याकडच्या जुन्या कोड्यांत 'इतक्या चालींत मात करा' एवढ्यावर भागत नाही. मात प्याद्यानंच करा, बुर्जी होऊ देऊ नका, अशा अटी येतात. नंतर १८७१ साली औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हरिकृष्ण शर्मा या ज्योतिषानं 'बृहज्ज्योतिषार्णव' या आपल्या प्रचंड ग्रंथात 'क्रीडाकौशल्य' नावाचं प्रकरण घातलं. त्यात पटावरच्या नाना खेळांचं वर्णन आहे. पंचांग करणाऱ्या माणसाला खेळांची नोंद ठेवाविशी वाटली, हे विशेष. आणि १८९० च्या दशकात पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचं मराठीतलं 'बुद्धिबळक्रीडा' हे पुस्तक निघालं. इंग्रज अभ्यासक मरे यांनी १९१३ साली बुद्धिबळाचा जो जाडजूड इतिहास लिहिला, त्यात देशी खेळाची माहिती देताना त्यांना टोप्यांचा आधार घ्यावा लागला. आपल्या खेळाचे नियम आज आपल्याला एका इंग्रजाच्या ग्रंथात वाचावे लागतात, याचं वाईट वाटतं. पण त्यानं ते जपले हेही खरं.

देशी हा एकच निराळा प्रकार नव्हे. त्याहून जुना आणि त्याहून मजेदार प्रकार चौघांचा. एकाच पटाच्या चार कोपऱ्यांत चार सैन्यं : लाल, हिरवं, पिवळं, काळं. प्रत्येकाकडं राजा, हत्ती, घोडा, नाव आणि चार प्यादी. आणि हातात फासे! फाशावर जे पडेल ते मोहरं हलवायचं. पाच पडले तर राजा किंवा प्यादं, चार पडले तर हत्ती, तीनला घोडा, दोनला नाव. इ. स. १०३० च्या सुमारास भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल बिरुनीनं हा चौघांचा फाशांचा डाव वर्णन केला आहे. बंगालच्या रघुनंदनांनी सोळाव्या शतकात आपल्या तिथींवरच्या ग्रंथात त्याचे नियम दिले, तेही युधिष्ठिर व्यासांना विचारतो आहे अशा थाटात. फाशांच्या पायी राज्य घालवलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न घालणाऱ्याला विनोदबुद्धी होती म्हणायची. आणि हा भाग कुठं येतो? कोजागिरीच्या जागरणात! त्या रात्री जागायचं, फासे खेळायचे. आपण गच्चीवर मसाला दूध आटवतो आणि अंताक्षरी लावतो, तेव्हा चौघांचा पट मांडायला हरकत नाही.

या डावात दुसऱ्याच्या राजाला मारून त्याच्या जागी आपला राजा नेऊन बसवला की 'सिंहासन'. आणि तिन्ही राजे आपल्या हाती लागले की 'चतुराजी'. त्यावरूनच या खेळाला चतुराजी म्हणतात. अभ्यासू खेळाडू यावर नाक मुरडतात. म्हणतात, फासे आले की बुद्धी संपली. मला ते पटत नाही. फासे आले की गर्व संपतो, बुद्धी राहते. नातू दोन वर्षं क्लासला जाऊन आला आणि आजोबांना रोज पंधरा चालींत हरवू लागला की आजोबा पट गुंडाळून ठेवतात. फासे असले तर आजोबाही बसतील, आजीही बसेल. चौघं एकत्र बसण्याचा खेळ आणि दोघांचा खेळ यांत फरक राहणारच.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, हे सगळे खरे बुद्धिबळाचे अपभ्रंश. त्यांना एवढंच सांगतो, आज ज्याला आपण खरं म्हणतो तोही एकेकाळी असाच कुणीतरी केलेला खोडसाळपणा होता. पूर्वी पटावरचा वजीर अगदी दुबळा, तिरकं एक घर जाणारा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन-इटलीच्या बाजूला कुणीतरी त्याला राणी केलं आणि सगळ्या दिशांना हवं तितकं पळायची मुभा दिली. उंटही लांब पळू लागला. इटलीत जुन्या वळणाचे लोक या नव्या खेळाला 'पिसाळलेलं बुद्धिबळ' म्हणत. पाचशे वर्षांत पिसाळलेलं तेच प्रमाण झालं. चीनमध्ये पटाच्या मध्यातून नदी वाहते आणि हत्ती ती ओलांडत नाही. जपानमध्ये मारलेलं मोहरं मारणाऱ्याच्या बाजूनं परत पटावर उतरतं. आपल्याकडच्या पक्षांतरासारखं, फक्त तिथं नियमानं. तैमूरलंगाच्या दरबारात अकरा गुणिले दहा घरांचा पट होता आणि त्यावर उंटाच्या जोडीला जिराफही होते. म्हणजे खेळ एक आणि नियम गावागणिक, हीच या खेळाची मूळची तऱ्हा. १९२४ साली पॅरिसला फिडे ही जागतिक संघटना निघाली आणि एकच नियमावली सगळीकडं पोचत गेली.

या दोन पद्धतींच्या सांध्यावर उभा राहिलेला सगळ्यांत मोठा खेळाडू म्हणजे मीर सुलतान खान. पंजाबातला, सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेला माणूस. लहानपणी वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकला. विलायती नियम विशीत आल्यावर. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, १९२९ साली मालकाबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावलं. पुन्हा १९३२ आणि १९३३ साली. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं; हा कापाब्लांका म्हणजे माजी जगज्जेता. सुलतान खान सुरुवातीच्या चालींत नेहमी चाचपडे, कारण तिथली पुस्तकं त्यानं वाचलेली नव्हती. पण डावाचा शेवट आला की त्याच्यापुढं टिकणं अवघड. देशीत डाव हळू उघडतो आणि शेवटावर सगळी भिस्त असते, हे लक्षात घेतलं तर त्याचं कोडं पुष्कळसं उलगडतं. भारतात परतल्यावर १९३५ साली आपल्याकडचे व्ही. के. खाडिलकर त्याच्याशी दहा डाव खेळले. त्यांत खाडिलकरांना एक डाव बरोबरीत सोडवता आला, बाकी नऊ सुलतान खानानं घेतले. पुढं तो गावी शेतीत रमला आणि १९६६ साली वारला. फिडेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ साली. अठ्ठावन्न वर्षं उशिरा. आमच्या बँकेत पेन्शनची थकबाकीसुद्धा यापेक्षा लवकर मिळे.

सत्यजित राय यांचा १९७७ चा 'शतरंज के खिलाडी' पाहिला असेल त्यांना आठवेल. १८५६ चं लखनौ. दोन नवाबी मित्र देशी शतरंज खेळताहेत आणि शेजारचा एक गृहस्थ येऊन त्यांना सांगतो की इंग्रज हा खेळ वेगळा खेळतात : वजिराच्या जागी राणी, प्यादं पहिल्यांदा दोन घरं, डाव लवकर संपतो. आणि सिनेमाच्या शेवटी, कंपनीचं सैन्य लखनौत शिरत असताना, ते दोघे इंग्रजी पद्धतीनं डाव मांडतात. प्रेमचंदांच्या मूळ कथेत शेवट निराळा आहे, दोघं तलवारी उपसतात. मला रायांचा शेवट अधिक खरा वाटतो. राज्य गेलं ते एका दिवसात. नियम असे मुकाट्यानं बदलत गेले.

मराठवाड्यात हा बदल उशिरा झाला. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. शाळा-कचेरीची भाषा उर्दू. आमच्या गल्लीत माझे आजोबा आणि निजामाच्या अमदानीतले एक पेन्शनर चाचा रोज दुपारी पट मांडत. आजोबा 'बुद्धिबळ' म्हणत, चाचा 'शतरंज'. शह आणि मात दोघांचे एकच. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत काही महिने पट मांडला गेला नव्हता असं आजी सांगायची. नंतर तो पुन्हा मांडला गेला तेव्हा आधी कोण बोललं यावर घरात दोन मतं होती. मी पाहिलं ते त्यानंतरचं. डाव सुरू व्हायच्या आधी दोघं रोज तेच बोलत : "बुर्जी अर्धी?" "अर्धी." "राजाची उडी?" "एक." रोजचेच दोघं, रोजचेच नियम, तरी विचारून घ्यायचे. छापील नियमावलीनं सोय झाली, पण हे विचारणं संपलं. समोरच्या माणसाशी खेळाच्या आधी करार करावा लागे. आता तो आधीच कुणीतरी करून ठेवलेला असतो.

मी जुन्याचा हट्ट धरणारा नाही. एकच नियमावली नसती तर विश्वनाथन आनंद १९८८ साली भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला नसता, आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली जॉर्जियातल्या बातुमीला जाऊन महिला विश्वचषक जिंकून आली नसती. जगाशी खेळायचं तर जगाचे नियम हवेत. शिवाय देशी डाव रटाळ व्हायचा हेही कबूल. दुपारी मांडलेला पट दिवेलागणीपर्यंत तसाच असे आणि घरच्या बायका वैतागत.

पण मौज अशी की नियम एक झाल्यावर जगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंनाच त्याचा कंटाळा आला. कापाब्लांकानं १९२० च्या दशकातच दहा गुणिले आठ घरांचा पट आणि दोन नवी मोहरी सुचवली, कारण सगळे डाव बरोबरीत सुटतील अशी त्याला धास्ती होती. १९९६ साली बॉबी फिशरनं ब्यूनोस आयरेसला आपली पद्धत जाहीर केली : मागच्या रांगेतली मोहरी दर डावाला चिठ्ठ्या टाकल्यासारखी मांडायची. फक्त दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये. अशा ९६० मांडण्या होतात. म्हणजे पाठ केलेल्या पहिल्या वीस चाली गेल्या कचऱ्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीत या पद्धतीची आठ जणांची मोठी स्पर्धा झाली. कार्लसन पहिला आला. डिंग लिरेन आणि आपला गुकेश तळाच्या दोन जागांसाठी खेळले. आणि त्याच वर्षी डिसेंबरात सिंगापूरला याच दोघांत नेहमीच्या नियमांनी जगज्जेतेपदाचा सामना झाला आणि गुकेश जगज्जेता झाला! नियम बदलले की माणसाचा क्रम कसा बदलतो याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

या निराळ्या डावांची ओढ का लागते याचं उत्तर मला इथंच दिसतं. नेहमीच्या डावात आपण अर्धा वेळ दुसऱ्यानं केलेला विचार आठवत असतो. संगणकानं तो आणखी पक्का करून ठेवला आहे. नियम जरा सरकवला, राजाला अडीच घरं दिली, बुर्जीला अर्धं केलं, की पाठांतर निकामी होतं आणि पहिल्या चालीपासून समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. आणि देशीत तर जिंकून भागत नाही, कसं जिंकलात ते सांगावं लागतं. चाचा प्याद्यानं मात करत तेव्हा आधी त्या प्याद्याला बोट लावून दाखवत : "पंडितजी, ये मारेगा." आजोबा मग डाव वाचवायचा सोडून ते एक प्यादं मारायच्या मागं लागत. बहुतेक वेळा ते मरेही. पण ज्या दिवशी मरत नसे त्या दिवशी हरलेले आजोबा स्वतः चहा सांगत.

गेल्या वर्षी मी टोप्यांचं पुस्तक मिळवायचा पुष्कळ प्रयत्न केला, मिळालं नाही. म्हणून आठवतील तसे आपल्या भागातले नियम एका वहीत उतरवायला घेतले आहेत. बरेचसे जमले. तीन ठिकाणी गाडी अडली आहे. राजाच्या उडीत समोरचं मोहरं मारता येतं की नुसतं रिकाम्या घरात जाता येतं? शहाच्या वाटेवरून ती उडी चालते का? आणि बुर्जी होताना त्याच चालीत मात होत असेल तर ती काय धरायची? अंबाजोगाईकडचे एक गृहस्थ 'मात' म्हणतात, माजलगावकडचे एक 'बुर्जी' म्हणतात, आणि दोघांनीही ऐंशी ओलांडली आहे. आपल्या बेचाळीस घरांत कुणाचे वडील, सासरे, मामा देशी खेळलेले असतील तर त्यांना आजच विचारा आणि मला सांगा. संध्याकाळी साडेपाचनंतर मी बागेतल्या पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर असतो. पट बरोबर असतो.